दिव्यातलं तेल कुठं गेलं?

कुडण्याच्या गुजीरला गेले, की मी आधी दिव्यांचे कोनाडे शोधते. आपल्या डिचोली तालुक्यातलं हे पडकं जैन मंदिर. वाती कधीच विझल्या. पण सांडलेलं तेल गेलं कुठं?

कोकण-गोव्यात दिव्याला खोबरेल, नाहीतर उंडीचं, करंजाचं कडू तेल. जमिनीवर सांडलं की जिरलं, संपलं, असं म्हणायचं. ते संपतं कसं, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८२३ च्या ग्रंथात मांडलं, की तेल-तूप म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं यांची बांधणी. १९०४ साली जर्मनीतल्या क्नूपनं दाखवलं, की शरीर ही आम्लं दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तोडतं. मातीतले जिवाणूही तेच करतात. आधी लायपेज नावाच्या विकरानं गाठ सोडवायची, मग साखळी कातरत न्यायची. शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

हवेची करणी निराळी. तेलाच्या साखळीत जिथं दुहेरी बंध, तिथं प्राणवायू शिरतो आणि तेल खवटतं. म्हणून करडईच्या तेलाला लवकर वास येतो. खोबरेलात सुमारे ९० टक्के आम्लं संपृक्त, हवेला शिरायला जागाच कमी. समईच्या बुडाशी जो चिकट थर बसतो, चिंच लावून घासताना हात भरून येतात, तोही हवेनंच घट्ट केलेला. १९३७ साली डालडा आला, त्यात हे दुहेरी बंध हायड्रोजननं भरलेले. डबा महिनोन्‌महिने टिकायचा, आणि आम्हाला त्याचं केवढं कौतुक!

मातीत थोडं सांडलेलं पचतं. पाण्यात तसं नाही. तेलाचा पडदा वरून हवा अडवतो आणि ते फस्त करणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मग मासे, बेडूक, बारीक जीव गुदमरतात. लंडनच्या गटारात २०१७ साली सुमारे १३० टनांचा चरबीचा गोळा सापडला होता.

आणि मी? पाणी गाळून पिणारी बाई, दिवाळीच्या चकल्या झाल्या की कढईतलं उरलेलं तेल सरळ मोरीत ओतायची. एकदोन नव्हे, वीस-बावीस वर्षं. आमचं सांडपाणी ओहोळाला, ओहोळ नदीला, आणि डिचोलीची नदी मांडवीला. किती जीव गेले, याचा हिशोब कुठल्या प्रतिक्रमणात मांडू?

यंदा सुनेनं चुलीशेजारी बरणी ठेवलीय. गार झालेलं तेल तिच्यात. कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसायची, मगच धुवायची.