खेळातून साक्षरतेची पूर्वतयारी

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांमध्ये वाचन-लेखनाला लागणाऱ्या क्षमता खेळांद्वारे घडविण्याची शिक्षणपद्धती. अक्षरे गिरविण्याआधी ध्वनींचे भान, शब्दसंपत्ती आणि खुणांची समज यावी, हे तिचे सूत्र होय. लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांचे यमक व आद्यध्वनी ओळखण्याचे कौशल्य आणि त्यांचे पुढील वाचन यांचा ठळक संबंध आढळला. बडबडगीते व भेंड्या हेच कौशल्य घडवितात. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात सामावतात. म्हणून ‘क-म-ळ’ असा टाळ्यांवर शब्द फोडण्याचा खेळ लिपीशी थेट जुळतो. काठीला घोडा मानणारे मूल एक वस्तू दुसरीची खूण होऊ शकते हे शिकते. मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी लेखनाची पूर्वपीठिका अशा खेळात पाहिली.

खेळामुळे मूल पहिलीत मागे पडेल, ही पालकांची भीती समजण्याजोगी आहे. केवळ खेळून अक्षरे येत नाहीत, हेही खरे. उपरोक्त अभ्यासात ध्वनिखेळांना प्लॅस्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेल्या मुलांनी सर्वाधिक प्रगती केली. म्हणजे खेळ व अध्यापन परस्परपूरक आहेत. ही पद्धती खर्चिक असल्याचा आक्षेपही टिकत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंतून शैक्षणिक साधने घडविली. खरी गरज आहे ती मुलांशी भरपूर बोलणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकांची.