शौर्याचा शिरस्ता

निरनिराळ्या राष्ट्रांची सर्वोच्च शौर्यपदके शेजारी मांडून त्यांत श्रेष्ठ कोणते, असा वाद घालणारे रसिक पुष्कळ आहेत. परंतु ते पदक कोणाला मिळू शकत नव्हते हे आधी पाहिले, तर त्या त्या राज्याचा स्वभाव अधिक लवकर उमगतो, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने 1757 साली स्थापिलेल्या लष्करी सन्मानासाठी अधिकाऱ्याला स्वतःच अर्ज करून साक्षीपुराव्यानिशी आपले कर्तृत्व शाबीत करावे लागे. साध्या शिपायाला तेथे प्रवेशच नव्हता. त्या मानाने, क्रिमियाचे युद्ध संपत आले असता 1856 च्या जानेवारीत निघालेला व्हिक्टोरिया क्रॉस हुद्द्याचा भेद न मानणारा, म्हणून उदार खरा. मात्र ते औदार्य हिंदी शिपायापाशी येऊन थबकत होते. त्याच्यासाठी कंपनी सरकारने 1837 मध्येच ‘ऑर्डर ऑफ मेरिट’चा निराळा शिरस्ता घालून दिला होता. त्याचे दर्जे तीन. तिसऱ्यावाचून दुसरा नाही आणि दुसऱ्यावाचून पहिला नाही, म्हणजे पहिल्या दर्जास पोचण्यासाठी माणसाने तीनदा मृत्यूच्या दाढेत शिरून तीनदा जिवंत परतावयाचे! दर्जागणिक मुशाहिऱ्यात वाढ होई, हा त्यातला रोख भाग. (गोऱ्या शिपायालाही क्रॉसबरोबर सालिना 10 पौंड मिळत, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे.)

1911 च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने हिंदी शिपाई व व्हिक्टोरिया क्रॉस यांमधला हा अडसर काढला, आणि 1914 च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या रणांगणावर खुदादाद खान या शिपायाने तो मान प्रथम मिळविला. पुढे इटलीत हाच मान मिळविणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सारे सोबती पडल्यावर, 10 जुलै 1944 रोजी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल करून देह ठेविला. त्याच पलटणीचे नामदेव जाधव यांनी 1945 च्या एप्रिलात सेनिओ नदीपार जखमी सोबत्यांना वाहून नेले आणि मग माघारी वळून शत्रूचे मोर्चे बंद पाडले.

स्वतंत्र भारताने 26 जानेवारी 1950 रोजी स्थापिलेले परमवीर चक्र 15 ऑगस्ट 1947 पासूनच लागू धरले गेले. इंद्राच्या वज्राच्या चार आकृती असलेले त्याचे रूप कल्पिले सावित्रीबाई खानोलकरांनी. या मूळच्या स्वित्झर्लंडच्या, एका मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून येथल्याच झालेल्या. हे चक्र जिवंतपणी लाभलेले पहिले मानकरी रामा राघोबा राणे, कारवारकडचे. 1948 च्या एप्रिलात राजौरीच्या वाटेवर, स्वतः जखमी असताना, सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून देणे, हे त्यांचे काम होते.