अंबाझरीचा पूर

प्रतापनगराजवळचा अंबाझरी तलाव 1870 सालीं नागपूरकरांस पाणी मिळावें म्हणून बांधला गेला. 23 सप्टेंबर 2023 रोजीं मध्यरात्रीनंतर कांहीं तासांतच 100 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. तलावाच्या सांडव्यावरून आलेलें पाणी नागनदींत मावेना. तें काठच्या वस्त्यांत शिरलें.

आपत्तिनिवारणाचीं पथकें होड्या घेऊन धांवलीं. कामठीहून लष्कराचे जवान आले. सुमारें 400 माणसांची सुटका झाली. त्यांत मूकबधिर शाळेंतील मुलेंही होतीं. धोक्याची हांक ज्यांना ऐकूं येत नाहीं, अशांकडे वेळेवर लक्ष गेलें, हें त्या दिवसाचें खरें भूषण. अंथरुणास खिळलेली एक स्त्री मात्र वांचूं शकली नाहीं.

पुढें सरकारनें पूरग्रस्त कुटुंबांस 10,000 व दुकानदारांस 50,000 रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर केलें. भिजलेलें धान्य आणि चिखलानें भरलेलीं कपाटें पाहतां घराला मिळालेली रक्कम चूल पुन्हां पेटविण्यापुरतीच होती. तिला भरपाई म्हणणें धाडसाचें. कांहीं रहिवाशांची मागणी तर पैशांहून निराळी होती. सांडव्याजवळील स्मारकामुळें पाण्याची वाट अडली, अशी तक्रार घेऊन ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठांत गेले.