खंड, कापूस आणि इंद्रभुवन

सोलापूरच्या रेल्वे लाईन्स भागातल्या इंद्रभुवनाबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ही वास्तू अप्पासाहेब वारदांनी बांधली, आणि ती विलायती थाटाची आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि या अर्धेपणाने आपण फसतो. विलायती थाट म्हटले की इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पसरलेली उमरावांची प्रशस्त घरे डोळ्यांपुढे येतात, आणि एका सोलापुरी व्यापाऱ्याने तसलेच काही आपल्या गावात उठवले असा समज होतो. घराची जात मात्र त्याच्या खांबांवरून ठरत नाही. ते घर उभे करायला आणि उभे ठेवायला पैसा कुठून येत होता, यावरून ती ठरते. या कसोटीवर इंद्रभुवन इंग्रजी ग्रामीण हवेलीचे भावंड ठरत नाही. ते सोलापूरच्या कापसाचे अपत्य आहे.

इंग्रजी हवेलीचा संसार चालत असे तो जमिनीच्या खंडावर. भोवतालची हजारो एकर जमीन कुळांना लावलेली असे, तिचा खंड ठरल्या दिवशी घरी येई. म्हणून ते घर राहण्याची जागा होते, तसेच मिळकतीची कचेरीही होते. मोठे दालन, लांबलचक चित्रदालन, ग्रंथसंग्रह यांच्या पलीकडे नोकरांची स्वतंत्र जिने-बोळांची दुनिया असे. धन्याने दिवाणखान्यात बसावे, कोळसा वाहणाऱ्या पोऱ्याने त्याच्या नजरेला पडू नये, अशी ती रचना. बागही याच हिशेबाची. कुरणाच्या कडेला खोल चर खणून त्यात कुंपण बुडवत. खिडकीतून बघणाऱ्याला आपली हिरवळ आणि कुळांची गुरे एकाच पटावर दिसत, मध्ये आडकाठी दिसत नसे. मालकीला क्षितिजच नाही, असा भास त्यातून होई. हिंदुस्थानात गबर होऊन परतलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना हे नेमके ठाऊक होते. फ्रान्सिस साइक्सने बंगालात मिळवलेल्या पैशातून जागा घेऊन 1776 पासून बॅसिल्डन पार्क बांधायला घेतले. रॉबर्ट क्लाइव्हने 1768 मध्ये क्लेअरमाँटची मिळकत विकत घेतली आणि तिथले जुने घर पाडून नवे उभारले. हिंदुस्थानातला रोकडा इंग्लंडच्या मातीत पुरल्याशिवाय त्याला प्रतिष्ठा येत नव्हती.

आपल्याकडे या व्यवस्थेच्या सर्वांत जवळ जातो तो जहागीरदाराचा वाडा. सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी जवळ केलेल्या फत्तेसिंह भोसल्यांच्या घराण्याचे हे संस्थान 1948 पर्यंत टिकले. तिथला राजवाडा आणि त्यातले शस्त्रागार गावाच्या महसुलावर जगले. वाड्याची ठेवण मात्र हवेलीच्या अगदी उलट. जाड भिंती, दिंडीचा दरवाजा, देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे, आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर चढतो त्या मुलखात हे शहाणपणाचेच होते. वाडा आत बघतो. रस्त्यावरच्या माणसाला तो भिंत दाखवतो, वैभव दाखवत नाही. इंग्रजी हवेली बाहेर बघते. तेव्हा अर्थकारण जुळते तिथे रूप जुळत नाही, आणि रूप थोडेफार जुळते त्या इंद्रभुवनात अर्थकारण जुळत नाही.

इंद्रभुवनामागच्या पैशाची वाट रुळांवरून येते. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावकऱ्यांची जुनी गिरणी, 1877 मध्ये सुरू झाली. शतक संपता संपता आणखी गिरण्या आल्या. जुनी गिरणी उभी राहत होती नेमक्या त्याच वर्षांत, 1876 ते 78, दुष्काळाने जिल्हा पिळून काढला होता. शेत सुटलेली माणसे आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्या हातांवर हे गिरणगाव वाढले. वारद या उद्योगी वर्गातले: व्यापारात हात बसलेला, आणि पुढे गिरणीधंद्यात उतरलेला. या वर्गाला जुन्या पेठेतल्या दाटीत मावणारे घर पुरणार नव्हते. किल्ल्याभोवतालच्या पेठा एका बाजूला आणि स्टेशन दुसऱ्या बाजूला, यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात रेल्वे लाईन्सची वस्ती झाली आणि तिथे इंद्रभुवन उभे राहिले. जागेची निवडच बोलकी आहे. चौकाऐवजी दर्शनी भाग, आणि तोही असा की नजर ठरत नाही. कमानी, खांब, सज्जे, आणि त्यांच्या मधल्या जागेत गिलाव्यातल्या पानाफुलांची व मूर्तींची दाटी. इंग्रज वास्तुविशारदाला ही दाटी सोसली नसती. तो मोकळी भिंत सोडतो. इथल्या कारागिराला मोकळी भिंत म्हणजे राहून गेलेले काम वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो: थाट उसना आहे, ही गुलामीचीच खूण. या आक्षेपाला उत्तर देताना उलटी उसनवारी समोर ठेवावी. चार्ल्स कॉकरेल हा कंपनीच्या नोकरीतून परतलेला गृहस्थ. 1805 च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमध्ये त्याच्या भावाने, सॅम्युएल पेपिस कॉकरेलने, त्याच्यासाठी सेझिनकोट बांधले. तांब्याचा घुमट, छज्जे, कंगोरेदार कमानी, सगळा मोगली साज. बागेतल्या रचनांना हिंदुस्थान पाहिलेल्या थॉमस डॅनियल या चित्रकाराचा हात लागला. ब्रायटनच्या राजमहालाला पुढे जे घुमट आले, त्याची प्रेरणा इथलीच मानतात. सेझिनकोटला कुणी गुलामी म्हणत नाही, हौस म्हणतात. मग सोलापूरकराच्या हौसेलाच वेगळा न्याय का? खरी नक्कल बघायचीच तर ती पुण्यात आहे. गणेशखिंडीतली गव्हर्नरांची कोठी जेम्स ट्रबशॉने 1864 नंतर बांधायला घेतली. वाइट बेटावरच्या राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसचा इटालियन धर्तीचा मनोरा तिला जसाच्या तसा नसला तरी ओळखू येईल इतका आहे. खर्च इतका वाढला की विलायतेच्या पार्लमेंटात बोंब झाली. तिचा इंग्रजीपणा अस्सल, पण तीही खंडावर जगत नव्हती, सरकारी तिजोरीवर जगत होती. 1949 मध्ये त्या वास्तूत पुणे विद्यापीठ आले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंग्लंडमध्येही गिरणीमालकांनी हवेल्या बांधल्याच की. मग कापसाचा पैसा हवेलीच्या विरुद्ध कसा ठरतो? खरे आहे. रिचर्ड आर्कराइटने डर्बीशायरमध्ये क्रॉमफर्डच्या आपल्या गिरण्यांजवळ विलर्सली कॅसल बांधायला घेतला, आणि त्यात राहायला जाण्याआधी 1792 मध्ये तो वारला. पण त्याच्या मुलाने पुढे काय केले ते बघा. 1810 मध्ये त्याने हेरफर्डशायरमधली हॅम्प्टन कोर्टची प्रचंड मिळकत विकत घेतली आणि घराणे जमीनदारांच्या पंक्तीत जाऊन बसले. सुताचा पैसा एका पिढीत मातीत गेला. सोलापुरात तो तसा जाणे अवघड होते, आणि याचे कारण आवडीनिवडीत नाही, महसुली कायद्यात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 पासून इंदापुरात जी रयतवारी बसवली ती पुढे या भागात पसरली. सरकार सारा थेट कुणब्याकडून घेई. विकत घ्यायला हजारो एकरांची सलग मिळकतच नव्हती. सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला आणि कर्जापायी जमिनी सावकाराच्या घशात जाण्याला त्याने अडसर घातला. सावकारी थांबली असे नव्हे, पण पैसेवाल्याने जमीनदार व्हावे ही वाट इथे अरुंदच राहिली. त्यात पाऊस बेभरवशाचा. सोलापुरी भांडवल गिरणीत अडकले ते या सगळ्यामुळे.

मुळातच फरक असल्यामुळे या घरांच्या शेवटांतही फरक पडला. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये खंड घसरला, 1894 मध्ये नवा वारसाकर बसला आणि पहिल्या महायुद्धानंतर तो कडक होत गेला. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. ज्या वाचल्या त्यातल्या पुष्कळ 1937 च्या कायद्याने वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या आसऱ्यास गेल्या. अक्कलकोटची सत्ता विलीनीकरणात गेली, पण वाडा आणि शस्त्रागार घराण्याच्या नावाशी जोडलेले राहिले. सोलापुरात दगा दिला तो गिरणीने. जुनी गिरणी 1949 मध्ये बंद पडली, 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि एका भागधारकाने त्याविरुद्ध केलेला दावा नव्या राज्यघटनेखालच्या सुरुवातीच्या गाजलेल्या खटल्यांत गणला जातो. समतेच्या हक्काचा अर्थ वकील आजही ज्या निकालावरून सांगतात त्याच्या मुळाशी सोलापूरचा भोंगा आहे, हे गावातही फारसे कुणी सांगत नाही. इंद्रभुवन मात्र महापालिकेकडे आले. कुळे नव्हती, जमीन नव्हती. होते ते शहर. घर त्या शहराच्याच पदरात पडले, आणि मला यात काही विपरीत वाटत नाही. ज्या घराचा पैसा गावाच्या श्रमातून आला तिथे गावाचा कारभार चालावा, हे वारसाकराने रिकाम्या झालेल्या हवेलीत तिकीट लावण्यापेक्षा बरेच.

खंत वेगळीच आहे. इंद्रभुवनाच्या जतनाची बोलणी निघतात तेव्हा चर्चा गिलावा, रंग आणि रोषणाई यांचीच होते. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये आपल्या ताब्यातल्या 93 स्थळांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध उघड मांडले, तेव्हा सभासदांनी गहजब केला. पण घरामागचा पैसा नोंदवला गेला. त्याच संस्थेकडे स्टायलची क्वारी बँक ही कापड गिरणी 1939 पासून आहे, पोरवयात कामाला जुंपलेल्या मुलांच्या राहत्या घरासकट. सोलापुरात मालकाचे घर उरले. ज्या साच्यांवर त्याच्या कमानींचा खर्च निघाला ते, आणि साचेवाल्यांच्या चाळी, यांची इंद्रभुवनाइतकी काळजी कुणी घेतली नाही.