चाकाची नाल

दसऱ्याला आमच्या घरी पूजेच्या पाटावर कोयता, विळी, वडिलांच्या वेळची करवत आणि मुलांची पुस्तके असा सगळा संसार मांडलेला असतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने आपल्या घरच्या पूजेचे छायाचित्र पाठवले. तो अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील सायरॅक्यूज शहराजवळ राहतो. पाटावर हळदकुंकू वाहिलेल्या दोन जाडजूड लोखंडी साखळ्या होत्या. मी थट्टेने विचारले, “अरे, हत्ती बांधायचा विचार आहे की काय?” तो म्हणाला, “मामा, या साखळ्या नसत्या, तर आई आज आपल्यात नसती.”

ती हकिगत सांगण्याआधी त्या मुलखाचा हिवाळा सांगायला हवा. ओंटारिओ सरोवरावरून येणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि काठापलीकडे बर्फ करून टाकतो. आपण पाऊस इंचांत मोजतो, तसा तेथे बर्फ मोजतात. आणि सायरॅक्यूजला वर्षाकाठी सरासरी १०० इंचांहून अधिक बर्फ पडतो. एका रात्रीत कमरेइतका थर साचला, तरी तेथल्या जुन्या माणसांना त्याचे फारसे नवल वाटत नाही.

मग पूर्वी हे लोक रस्त्यावरचा बर्फ काढत तरी कसे? वाचकहो, गंमत अशी की, खेड्यापाड्यांतून ते तो काढतच नसत. एकोणिसाव्या शतकात तेथे हिवाळा लागला की गाडीची चाके विसावा घेत आणि घसरगाड्या बाहेर पडत. घसरगाडीला बर्फ हवाच असतो. म्हणून लाकडाचे प्रचंड रूळ घोड्यांना जुंपून ते बर्फ चोपून घट्ट करीत. तेथल्या नद्यांवर छपराचे लाकडी पूल असत. छपरामुळे पुलावर बर्फ पडत नसे आणि घसरगाडी कोरड्या फळ्यांवर अडे. तेव्हा माणसे लावून बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पुलावर पसरावा लागे! घोड्यांच्या नालांना हिवाळ्यापुरते अणकुचीदार खुंट बसवीत, म्हणजे पाय घसरत नसे. आपण बैलांना पत्र्या मारतो, त्यातलाच हा प्रकार.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली आणि हा सारा बेत उलटला. घोड्याला बर्फ चालत होता, मोटारीला चालेना. हवा भरलेले रबरी टायर गुळगुळीत. बर्फावर आणि चिखलात ते जागच्या जागी गरगरत. असे सांगतात की, मोटारवाले चाकांना दोर, नाहीतर रानातल्या वेली गुंडाळून वेळ निभावून नेत. आमच्याकडेही पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या ट्रकच्या चाकाला सुंभ गुंडाळणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. अडचण एकच असली, की हजारो कोसांवरच्या माणसालाही तोडगा तोच सुचतो.

पण दोर तुटतो. हॅरी वीड नावाच्या गृहस्थाने दोराच्या जागी साखळी घातली. तो कॅनास्टोटा या लहानशा गावचा. म्हणजे माझ्या भाच्याच्या शहरापासून पंचवीसेक मैलांवरचा. २३ ऑगस्ट १९०४ रोजी त्याला या युक्तीचे पेटंट मिळाले. युक्ती दिसायला साधी: टायरच्या दोन्ही बाजूंनी दोन लांब साखळ्या, आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या. खरी मेख पुढेच आहे. ही शिडी चाकाला खिळ्यांनी किंवा पट्ट्यांनी आवळायची नाही. टायरमधली हवा थोडी कमी करायची, साखळी चढवायची आणि पुन्हा हवा भरायची. टायर फुगला, की त्यानेच साखळी धरून ठेवायची. घोड्याला मिळालेली हिवाळी नाल अखेर चाकालाही मिळाली.

रस्ते साफ करण्याचे काम पुढे मोठमोठी यंत्रे करू लागली. पण घराच्या दारापासून सरकारी रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्यानेच मोकळी करायची असते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शहरांबाहेर ऐसपैस अंगणांची घरे झाली आणि अंगणातले गवत कापण्यासाठी लहान ट्रॅक्टर निघाले. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘कब कॅडेट’ आणि १९६३ साली जॉन डिअरने ‘११०’ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायची पाती, हिवाळ्यात तोंडाला बर्फ ढकलायचे लोखंडी पाते. एकाच बैलाने नांगर ओढावा आणि गाडीही ओढावी, तसे हे.

आता ती हकिगत. भाच्याने घर घेतले त्या वर्षी असाच एक जुना ट्रॅक्टर आणि पाते विकत घेतले. साखळ्या मात्र घेतल्या नाहीत. “एंजिन अठरा घोड्यांचे आहे, आणखी काय हवे?” हा त्याचा हिशेब. जानेवारीत माझी बहीण तेथे असताना एका रात्री तिच्या छातीत कळा येऊ लागल्या. बाहेर दीड फूट बर्फ. रुग्णवाहिका आली ती सरकारी रस्त्यावरच थांबली. दार तिथून दोनशे पावलांवर. भाच्याने ट्रॅक्टर चालू केला, पाते बर्फाला टेकवले, आणि मागची चाके जागीच गरगरू लागली. जितका जोर द्यावा, तितकी ती खाली बर्फ घासून काच करीत. अठरा घोडे होते, पण एकाच्याही पायाला नाल नव्हती.

ट्रॅक्टरचा आवाज ऐकून शेजारचे वृद्ध गृहस्थ जागे झाले. त्यांचा ट्रॅक्टर भाच्याच्या ट्रॅक्टरहून लहान आणि जुना. पण मागच्या चाकांना साखळ्या होत्या आणि चाकांवर बिडाची वजने. त्यांनी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये वाट मोकळी केली. बहीण वेळेत रुग्णालयात पोहोचली.

पुढच्या ऑक्टोबरात त्या आजोबांनी भाच्याला सगळी तयारी हाताला धरून शिकवली. गवताची पाती उतरवायची. थंडीत घट्ट होणार नाही असे पातळ तेल एंजिनात घालायचे. बॅटरी तपासायची. बर्फ चिकटू नये म्हणून पात्याला मेण चोळायचे, आणि वाट खडीची असेल तर पात्याखालचे जोडे असे बसवायचे, की पाते जमिनीपासून थोडे वर राहील. नाहीतर बर्फाबरोबर खडीही निघते. साखळी आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. आकड्यांची टोके बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे टायर कापला जात नाही. मग हवा कमी करून साखळी चाकावर टाकायची, ट्रॅक्टर जरासा पुढे घ्यायचा, आधी आतला आकडा आणि मग बाहेरचा अडकवायचा, आणि पुन्हा हवा भरायची. थोडे चालवून साखळी परत ताणून घ्यायची. आणखी एक गोष्ट: पहिल्याच बर्फाला ढीग दूरवर लोटायचे, कारण ढीग गोठले की नंतरचा बर्फ टाकायला जागा उरत नाही.

पेटंटला शंभराहून अधिक वर्षे झाली. वीडचे नाव त्या आजोबांनाही ठाऊक नव्हते. पण हवा कमी करून पुन्हा भरण्याची त्याची रीत त्यांच्या हातात होती, आणि आता ती माझ्या भाच्याच्या हातात आली आहे. इतिहास केवळ ग्रंथांतूनच पुढे जातो, असे आम्हां शिक्षकांना वाटते. पुष्कळदा तो असा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो.

आपली दिवाळी आणि त्यांची ही तयारी एकाच सुमारास येतात. बहीण यंदाही तिथेच आहे. परवा फोनवर म्हणाली, “दारात रांगोळी काढली, पणत्या लावल्या, आणि फराळाचा पहिला डबा शेजारच्या आजोबांना दिला. त्यांना चकली फार आवडते रे.”