एका ओळीचा खटला

इतिहासाच्या माणसाने कागदाचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, सनदा येतात, मोडी कागदांचे रुमाल येतात. मी आज ज्या कागदाविषयी बोलणार आहे, त्याला रुमालात बांधून ठेवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सायकलला दिवा नव्हता, बैलगाडी उजव्या बाजूने चालली होती, मोटारसायकलवर तिघे बसले होते, म्हणून पोलिसाने नाव लिहून घेतले. पुढे दंड झाला, पावती सदऱ्याच्या खिशात गेली आणि धुण्यात विरून गेली. असल्या खटल्यांनाही का इतिहास असतो? असतो. आणि तो ठाऊक असला, तर उद्या आपल्या हाती चलन आले असता काय करावे, हेही पुष्कळसे उमगते.

मी राहतो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. मिरजकर तिकटी, खासबाग मैदान हा सारा आमचा परिसर. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. हा शब्द आमच्याकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे. या पेठेतले बोळ आखले गेले ते माणसांसाठी, गाडीबैलांसाठी, फार तर टांग्यासाठी. त्यांतून आज चारचाकी नेताना काय होते, ते मंगळवार पेठेत येऊन बघावे! पण वाहतुकीचा गुन्हा मोटारीबरोबर जन्मला, असे कोणी समजू नये. १८६० च्या दंडसंहितेतच सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे किंवा घोडा दौडवणे हा गुन्हा होता, आणि रस्ता अडवणे हाही. तेव्हा हिंदुस्थानात मोटार कोणी पाहिलेली नव्हती. सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी मोटारींचा कायदा झाला तो १९१४ साली; त्याच्या जागी १९३९ चा आला; आज चालतो तो १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला.

कोल्हापूरची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोपर्यंत इथे दरबारचा कारभार, दरबारची न्यायालये. म्हणून जुन्या कागदांचा शोध घेणाऱ्याने ही तारीख पहिल्यांदा मनात पक्की करावी. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद एका दप्तरात सापडायचे नाहीत. संस्थानी काळातले हुकूम आणि पत्रव्यवहार पाहायचे, तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची पायरी चढावी लागते, आणि मोडी वाचता आली पाहिजे. विलीनीकरणानंतर मुंबई राज्याचे कायदे लागू झाले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात रस्त्याची डावी बाजू न सोडण्याचा नियम आहे, आणि तो बैलगाडीवाल्यालाही लागू आहे. उसाच्या हंगामात रात्री बारा वाजता डुलक्या घेत चाललेल्या आमच्या गाडीवानांना हे कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे, ती १ जुलै १९५३. मुंबई राज्यात न्यायाचे काम महसुली अंमलदारांकडून काढून वेगळे केले, ते त्या दिवसापासून. त्याआधी किरकोळ फौजदारी खटले पुष्कळदा मामलेदाराच्याच पुढे चालत. सारा वसूल करणारा तोच, दंड करणारा तोच! म्हणजे १९५३ च्या आधीचा कागद कचेरीकडे शोधायचा आणि नंतरचा कोर्टाकडे. नवख्या अभ्यासकाचे महिनेच्या महिने वाया जातात ते इथे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. असा किरकोळ खटला कागदावर कसा दिसतो? खुनाच्या खटल्याची फाईल जाडजूड असते. वाहतुकीच्या गुन्ह्याचा खटला बहुधा संक्षिप्त रीतीने चालतो, आणि त्यासाठी कायद्याने मॅजिस्ट्रेटला नोंदवही दिलेली आहे. या नोंदवहीत एका आरोपीला एक ओळ. अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्याद आल्याची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, बापाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, गुन्हा कोणता, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा, आणि काम संपल्याची तारीख. झाला खटला! १८९८ च्या फौजदारी संहितेत हे रकाने होते, १९७३ च्या संहितेत राहिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते जवळजवळ तसेच आहेत. राज्ये गेली, संहिता बदलल्या. रकाने काही हलले नाहीत.

या दहा रकान्यांपैकी नऊ सरकारचे आहेत. एकच रकाना आपला, आरोपीचे म्हणणे हा. तिथे 'गुन्हा कबूल' असे दोन शब्द पडले, की पुढचे सारे आपोआप भरले जाते. 'नाकबूल' म्हटले, तर मॅजिस्ट्रेटला पुराव्याचा सारांश लिहावा लागतो आणि निकालाला थोडक्यात कारणे द्यावी लागतात. म्हणजे ओळीचे पान होते. शिवाय कबुली दिल्यावर अपिलाची वाट जवळजवळ बंद होते. शिक्षेचे प्रमाण किंवा तिचा कायदेशीरपणा एवढ्यापुरतेच काय ते भांडता येते, आणि रक्कम अगदी किरकोळ असली तर तेवढेही नाही.

मग लोक कबूल का होतात? सगळेच काही अपराधी नसतात. एक दिवसाची मजुरी बुडते, वकिलाची फी दंडाहून मोठी असते, आणि कोर्ट या शब्दाचीच धास्ती असते. ही अडचण कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. १९३९ च्या कायद्यातच एक सोय होती. समन्स आले, तर हजर न होता रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करावा आणि कोर्ट सांगेल ती रक्कम पाठवावी. मूळ कायद्यात ही रक्कम पंचवीस रुपयांच्या वर जात नसे. मनिऑर्डरने दंड भरण्याची ही तरतूद १९८८ च्या कायद्यातही आली. अशी कबुली देणाऱ्याचे लायसन्स केवळ त्या कबुलीवरून रद्द होत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ही सोय चांगली आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला, की कबूल होणे सोपे झाले आणि नाकबूल होणे होते तेवढेच अवघड राहिले.

मनिऑर्डरची जागा आता मोबाईलने घेतली आहे. चौकातला कॅमेरा नंबर टिपतो आणि चलन गाडीच्या मालकाच्या नावे निघते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल इथे वाहतुकीच्या खटल्यांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. अशा न्यायालयात घरबसल्या दंड भरता येतो, आणि नाकबूल असाल तर तसे कळवताही येते. मग प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते. हा दुसरा पर्याय पडद्यावर असतो खरा, पण आपले बोट पहिल्याकडेच जाते!

आमच्या पेठेतले एक गवंडी परवा माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, चार चलनं आल्यात. गाडी तर मी दोन वर्षांमागं विकली. पैसे भरून मोकळा होऊ काय?" मी विचारले, "गाडी घेणाऱ्याच्या नावावर केली होती का?" तर स्टँपपेपरवर लिहून घेतले होते, तेवढेच. आता कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. २०१८ साली अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. एकाच राज्यात गाडी विकली, तर चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. दुसरीकडे असेही आहे, की गाडी कोण चालवत होता हे विचारले असता मालकाने ते सांगायचे असते. म्हणून मी म्हटले, "दादा, आधी चलनावरचा फोटो उघडून बघा." फोटोत हेल्मेट नसलेला भलताच तरुण दिसत होता. पैसे भरून टाकले असते, तर चारही ठिकाणी स्वतः गुन्हेगार असल्याचे त्यांनीच मान्य केल्यासारखे झाले असते. त्यांनी विक्रीचा कागद आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जोडून लेखी तक्रार दिली, आणि गाडी नावावरून उतरवण्याच्या खटपटीला लागले. ही दुसरी खटपट दोन वर्षांपूर्वी झाली असती, तर पहिलीची गरजच नव्हती.

मुदतीचीही एक गोष्ट आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. एक वर्षापर्यंत कैद असेल, तर वर्षाच्या आत. सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकते. मात्र यावरून 'सहा महिने झाले, चलन मेले' असा अर्थ काढू नये. संगणकावरची नोंद तशीच राहते. लोकअदालतीची नोटीस येते तीही शिक्षा नव्हे, तडजोडीचे बोलावणे असते. पण तिथे तडजोड झाली, की तिच्यावर अपील नाही, हे जाण्यापूर्वी समजून घ्यावे. आणि दारू पिऊन गाडी चालवण्यासारखा गुन्हा जागेवर पैसे भरून मिटत नाही, त्याला कोर्टच दाखवावे लागते. ते योग्यच आहे, असे माझे मत आहे.

मग आपली नोंद शोधायची कशी? चलन राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घालून पाहता येते. मोबाईलवर संदेशातून आलेली फाईल मात्र उघडू नये; चलनाच्या नावाखाली खाती रिकामी करणारे पुष्कळ निघाले आहेत. प्रकरण कोर्टात गेले असेल, तर ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून नावाने किंवा खटल्याच्या क्रमांकाने ते सापडते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवावा. प्रत्यक्ष जायचे झाल्यास कोल्हापूरकरांनी एक लक्षात घ्यावे. सी.पी.आर.समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. जिल्हा न्यायालय आहे ते कसबा बावड्याकडे. तिथे नकलांसाठी अर्ज घेतात. ज्याच्याविरुद्ध निकाल झाला, त्याला त्याची नक्कल मागण्याचा हक्क आहे.

हा अर्ज लवकर करावा, कारण किरकोळ खटल्यांचे कागद कोर्टे कायमचे ठेवत नाहीत. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे ठराविक मुदतीनंतर ते नष्ट होतात. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दंडाचा कागद आज सापडलाच, तर तो सरकारी दप्तरापेक्षा घरच्या ट्रंकेत सापडण्याचा संभव अधिक. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना सांगून पाहावे. आजोबांचे जुने लायसन्स, सायकलच्या कराचा पत्र्याचा बिल्ला, टांग्याचा परवाना, दंडाची पिवळी पडलेली पावती, जे मिळेल ते वर्गात आणावे. तारीख, गुन्हा, रक्कम आणि सही कोणाची, एवढे उतरवून घ्यावे, आणि तो कागद पुन्हा त्याच घरी पोचता करावा.