माऊस, बोट आणि स्टायलस: एकाच कोडमध्ये तिघांना कसं सांभाळायचं?

दिवसभर आपण मोबाईलच्या स्क्रीनवर बोट फिरवतो, कॉलेजच्या लॅबमध्ये माऊस धरतो, आणि कुणाकुणाकडे टॅबसोबत स्टायलसही असतो. वापरताना तिन्ही सारखेच वाटतात. पण स्वतः ॲप किंवा वेबपेज बनवायला बसलं की कळतं, तिघांचे स्वभाव बरेच वेगळे आहेत. आजच्या लेखात हा फरक काय आणि तो कोडमध्ये कसा सांभाळायचा ते पाहू. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझं कुठे चुकलं?

मी नाशिकला राहतो, गाव निफाड तालुक्यात. गावात आईचा महिला बचत गट आहे. दर महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जाचे हप्ते रजिस्टरमध्ये लिहितात आणि प्रत्येक बाई पुढे सही करते. हिशोब पटकन जुळावा म्हणून मी एक छोटं वेबपेज करून दिलं. नाव निवडा, रक्कम टाका, खालच्या चौकटीत सही करा. लॅपटॉपवर माऊसने सही झकास उमटत होती. मोबाईलसाठी म्हणून ब्राउझरची खिडकी अरुंद करून पाहिली आणि काम झालं असं समजलो.

बैठकीत आईच्या मोबाईलवर पहिली सही करायला गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी आल्या. बोट टेकवून ओढलं, तर पान सरकलं आणि चौकट कोरीच. दुसऱ्यांदा नुसता ठिपका आला. तिसऱ्यांदाही तेच. कुणीतरी म्हणालं, "आजींचा अंगठाच घ्या." आजी उतारवयात साक्षरतेच्या वर्गात जाऊन सही करायला शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं शिकले, आणि आता परत अंगठा उठवू का?" मोबाईल बाजूला ठेवून त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि सही केली.

आजींच्या सहीत काही खोट नव्हती. खोट माझ्या कोडमध्ये होती.

ठिपका का आला?

स्क्रीनवर काही घडलं की ब्राउझर आपल्या प्रोग्रामला निरोप देतो. या निरोपाला इव्हेंट म्हणतात. मी फक्त माऊसचे इव्हेंट ऐकत होतो: माऊसडाउन, माऊसमूव्ह आणि माऊसअप.

मोबाईलवर माऊस नसतो. तरी जुनी वेबपेजेस चालावीत म्हणून, आपण नुसतं टॅप केलं तर ब्राउझर बोट उचलल्यावर माऊसचे नकली इव्हेंट पाठवतो. म्हणून ठिपका उमटला. पण बोट ओढलं तर ब्राउझरला वाटतं, पान सरकवायचं आहे. तेव्हा नकली इव्हेंटही येत नाहीत. म्हणून रेघ नाही.

तिघांचे स्वभाव

• माऊस: पॉइंटर एकच. बटण न दाबताही तो फिरतो, म्हणून एखाद्या गोष्टीवर नुसता नेला तरी प्रोग्रामला कळतं. याला होव्हर म्हणतात. नेम अचूक लागतो.
• बोट: एकाच वेळी अनेक बोटं टेकू शकतात. टेकल्याशिवाय काही कळत नाही, म्हणजे होव्हर नाही. टोक जाड आणि खालची जागा झाकली जाते.
• स्टायलस: नेम माऊससारखा, हालचाल हातासारखी. चांगला स्टायलस दाब आणि कलही सांगतो. पण लिहिताना तळहात स्क्रीनवर टेकतो.

एक गंमत लक्षात ठेवा. एमजी रोडवरच्या मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो तो रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस मोबाईलच्या दृष्टीने बोटच असतो. त्याच्याकडून दाबाची अपेक्षा ठेवू नका.

तिघांसाठी एकच भाषा: पॉइंटर इव्हेंट्स

आधी माऊससाठी वेगळा आणि टचसाठी वेगळा कोड लिहावा लागायचा. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये दोन्ही एकत्र करणारी पद्धत आणली, तिचं नाव पॉइंटर इव्हेंट्स. २०१५ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला वेबचं मानक केलं. क्रोममध्ये ती २०१६ ला आली, फायरफॉक्समध्ये २०१८ ला आणि सफारीमध्ये २०१९ ला. आज बिनधास्त वापरता येते.

यात पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह आणि पॉइंटरअप हे मुख्य इव्हेंट. प्रत्येकासोबत उपयोगी माहिती येते:

१. पॉइंटरटाइप: माऊस, टच की पेन.
२. पॉइंटरआयडी: टेकलेल्या प्रत्येक बोटाचा वेगळा नंबर. सहीसाठी पहिला नंबर लक्षात ठेवायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. नाहीतर दुसरं बोट लागलं की रेघ चौकटीभर उड्या मारते.
३. प्रेशर: ० ते १ मध्ये दाब. जिथे दाब मोजायची सोय नाही तिथे टेकलेलं असताना ०.५ मिळतो.

म्हणजे रेघ काढायचा कोड एकच. जिथे खरंच गरज आहे तिथेच पॉइंटरटाइप विचारायचा. उदाहरणार्थ, चित्रकलेच्या ॲपमध्ये पेन टेकलेला असताना टच सोडून द्यायचा, म्हणजे तळहाताचे डाग उमटत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा

मी सगळा कोड पॉइंटर इव्हेंट्समध्ये बदलला आणि या वेळी खऱ्या मोबाईलवर पाहिलं. रेघ सुरू झाली, पण काना ओढायला बोट खाली आणलं की अर्ध्यात तुटली आणि पान सरकलं!

कारण असं: बोट हललं की ते सही करतंय की पान सरकवतंय, याचा निर्णय ब्राउझर घेतो. पान सरकवायचं ठरलं की तो आपल्याला पॉइंटरकॅन्सल पाठवतो. म्हणजे "हे बोट आता माझं." त्यानंतर पॉइंटरअप येतच नाही.

यावर दोन उपाय करायचे:

• सहीच्या चौकटीला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन हा गुणधर्म द्यायचा आणि त्याची किंमत नन ठेवायची. म्हणजे ब्राउझरला आधीच सांगितलं, या चौकटीत बोट माझं. हे फक्त चौकटीलाच द्या. पूर्ण पानाला दिलं तर पान सरकणारच नाही.
• पॉइंटरकॅन्सल तरीही येऊ शकतो, त्यामुळे तोही ऐका. तो आला की चालू रेघ तिथे संपवा, पण आधी उमटलेलं पुसू नका.

तिसरी गोष्ट माऊससाठी. बटण दाबून चौकटीबाहेर गेलात आणि तिथे सोडलंत, तर चौकटीला पॉइंटरअप कळत नाही आणि परत आल्यावर रेघ आपोआप चालू राहते. त्यासाठी पॉइंटरडाउनमध्येच सेट-पॉइंटर-कॅप्चर वापरा. बोटाच्या बाबतीत ब्राउझर हे स्वतःच करतो.

अँड्रॉइड ॲप बनवत असाल तर तिथे हेच काम मोशनइव्हेंट करतो. कशाने टेकवलं ते गेट-टूल-टाइप सांगतो, आणि तिथेही ॲक्शन-कॅन्सल असतोच. नावं वेगळी, धडा तोच.

कोडच्या पलीकडे

आपली टचस्क्रीन बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा बारीक बदल ओळखते. ओल्या हाताने ती गोंधळते, आणि शेतात राबून कोरड्या, जाड झालेल्या कातडीचा स्पर्श तिला कमी जाणवतो. हे कोडने पूर्ण सुटत नाही. म्हणून चौकट मोठी ठेवा आणि "पुसून परत करा" असं ठळक बटण द्या. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बटण निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं. जी सूचना फक्त होव्हरवर दिसते ती मोबाईलवाल्याला सहसा दिसत नाही, तेव्हा ती उघड लिहा.

पेज देण्याआधी एवढं तपासा

१. खऱ्या मोबाईलवर, खऱ्या बोटाने पाहिलं का?
२. उभी, आडवी आणि तिरकी रेघ न तुटता येते का?
३. दुसरं बोट टेकलं तर काय होतं?
४. माऊस चौकटीबाहेर नेऊन सोडला तर?
५. तुमच्यापेक्षा वेगळा हात असलेल्या माणसाने वापरून पाहिलं का?

पाचवा मुद्दा मी पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशीच उरकला. थेट आजींच्या घरी गेलो. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि सावकाश सही केली, वरच्या रेघेसकट. स्क्रीनकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "रेघ जाड आली रे, पण माझीच आहे." रेघेची जाडी मी तिथेच बसून कमी केली.